पोट कमी करायचं ऑपरेशन : घाई नेमकी कुणाला आहे?

(सामुदायिक रेडिओवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

मागच्या वेळी मी पाळीच्या तक्रारींवर बोलले होते. त्यानंतर जे फोन आले, त्यातले बरेचसे मात्र भलत्याच विषयाचे होते. ‘डॉक्टरताई, ते पोट कमी करायचं ऑपरेशन करतात ना, ते खरं असतं का?’ कुणी मोबाइलवर जाहिरात पाहिलेली, कुणाच्या पुण्याच्या नणंदेनं करून घेतलेलं. एका बचत गटाच्या अध्यक्षताईंचा फोन तर फार विचार करायला लावणारा होता. त्यांच्या गटातल्या एकीनं या ऑपरेशनसाठी गटाकडे कर्ज मागितलं. दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि ती सभा अर्धी टाकून घरी निघून गेली. अध्यक्षताई विचारत होत्या, ‘गटानं द्यावं का तिला कर्ज?’

आज यावरच बोलते. मी तालुक्याच्या गावात बाळंतपणं करणारी डॉक्टर आहे. प्लास्टिक सर्जन नाही. ही ऑपरेशनं मी करत नाही, त्यामुळे तुमच्यापैकी कुणी ते केलं काय आणि न केलं काय, माझ्या पदरात काही पडत नाही. म्हणून मोकळेपणानं बोलते.

आधी त्या हसण्याबद्दल. नवऱ्यानं मिशीला कलप लावला तर आपण त्याला गटाच्या सभेत हसत नाही. तीन बाळंतपणांनंतर सैल पडलेलं पोट बघून एखादीला वाईट वाटलं, ब्लाउज-परकराची नाडी रोज त्याच घडीत रुतून कातडी सोलवटली, तर तिनं उपाय विचारला यात हसण्यासारखं काय आहे? ऑपरेशन करावं की नाही हा पुढचा प्रश्न. विचारणं मात्र चुकीचं नाही.

आता मुळापासून सुरू करू. पोट सुटलं म्हणजे नेमकं काय झालं? आपण सगळ्याला एकच नाव देतो, पण आत गोष्टी वेगवेगळ्या असतात. कातडीच्या खाली चरबीचा थर असतो, तो चिमटीत धरता येतो. दुसरी चरबी पोटाच्या आत, आतड्यांच्या भोवती असते. ती चिमटीत येत नाही, पोट घट्ट ढोलासारखं पुढं येतं. तिसरी गोष्ट म्हणजे सैल कातडी, जी बाळंतपणानंतर किंवा वजन खूप उतरल्यावर लोंबते. आणि चौथी, जिच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, ती म्हणजे स्नायूंची फट. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून खालपर्यंत दोन स्नायू शेजारी शेजारी उभे असतात. गरोदरपणात पोट वाढतं तसे ते एकमेकांपासून बाजूला सरकतात. बऱ्याच जणींचे बाळंतपणानंतर काही महिन्यांत परत जवळ येतात, काहींचे येत नाहीत. मग बाई अंगानं बारीक असली तरी पोट मात्र पाचव्या महिन्यासारखं दिसतं, आणि बायका विचारतात, ‘काय गं, परत आहे का?’

ही फट घरी बघता येते. उताणं झोपा, गुडघे वाकवा, बेंबीच्या थोडं वर दोन बोटं आडवी ठेवा आणि नुसतं डोकं उचला. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना घट्ट लागतील. मध्ये दोन-तीन बोटं आरामात खाली जात असतील, तर फट आहे असं समजा. यावर आधी ऑपरेशन नाही, व्यायाम करायचा. फिजिओथेरपिस्ट शिकवतात तो हलका, श्वासाबरोबर पोट आत घेण्याचा व्यायाम. मोबाइलवर बघून उठाबशांसारखे जोरकस पोटाचे व्यायाम सुरू करू नका, त्यानं काहींची फट आणखी रुंदावते.

आणखी एक समजूत इथंच बाजूला काढते. ‘मुलं बंद व्हायचं ऑपरेशन केलं आणि पोट सुटलं’ असं निम्म्या बायका मला सांगतात. त्या ऑपरेशनमध्ये फक्त गर्भनलिका बांधतात. त्यानं चरबी वाढत नाही. ते ऑपरेशन होतं तेव्हा दोन-तीन बाळंतपणं झालेली असतात, वय तिशीकडे झुकलेलं असतं, फटही राहिलेली असते. दोष मात्र त्या टाक्यांवर जातो. बाळंतपणानंतर पोट बांधण्याची आपली जुनी पद्धत आहे. त्यानं कमरेला आधार वाटतो, बरं वाटतं, पण नुसत्या पट्ट्यानं फट भरून येत नाही.

आणि हे नीट ऐका. पोट मोठं दिसण्याची याहून वेगळी कारणंही असतात. गर्भाशयात गाठ, अंडाशयात पाण्याची पिशवी, पोटात पाणी साठणं, बेंबीजवळचा हर्निया. पोट हळूहळू वाढत असेल, त्याबरोबर भूक मंदावली असेल, थोडं खाल्लं तरी पोट भरल्यासारखं वाटत असेल, पाळी बदलली असेल, तर चरबीचा विचार बाजूला ठेवा आणि ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. सोनोग्राफी करा. हर्निया असेल तर ते आजाराचं ऑपरेशन आहे, ते सरकारी रुग्णालयात होतं. त्यासाठी कुठल्याही जाहिरातीतल्या क्लिनिकची पायरी चढायची गरज नाही.

सगळं तपासलं, आजार काही नाही, आणि तरी सैल पोटाचा त्रास आहे. मग ही ऑपरेशनं कोणती ते समजून घेऊ. मुख्य दोन. पहिलं लायपोसक्शन, म्हणजे चरबी ओढून काढणं. कातडीखाली आधी औषध मिसळलेलं सलाईन भरतात. त्यात भूल देणारं आणि रक्तस्राव कमी करणारं औषध असतं. मग लहान लहान छिद्रांतून पोकळ नळी आत घालून चरबी शोषून घेतात. यानं चिमटीत येणारी चरबी कमी होते. पोटाच्या आतली चरबी तशीच राहते, सैल कातडी घट्ट होत नाही, स्नायूंची फट तर जशीच्या तशी राहते. ज्या बाईची मुख्य तक्रार लोंबणारी कातडी आहे, तिनं फक्त लायपोसक्शन केलं तर रिकाम्या पिशवीसारखं पोट आणखी लोंबतं.

दुसरं ऑपरेशन म्हणजे टमी टक. हे मोठं असतं. पूर्ण भूल देऊन, ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवी चीर घेतात. कातडी वर उचलतात, फाकलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जास्तीची कातडी कापून टाकतात आणि बेंबीला नव्या जागी बसवतात. दोन ते चार तास लागतात. साठणारं पाणी बाहेर पडावं म्हणून बहुतेक वेळा नळ्या ठेवतात, त्या काही दिवस अंगावर असतात. खालच्या भागाला महिनोन्‌महिने बधिरपणा राहतो. व्रण जन्मभराचा. साडीखाली झाकला जातो, पण पुसला जात नाही.

आता जाहिरातवाले जे सांगत नाहीत ते सांगते. यातलं एकही ऑपरेशन वजन उतरवण्यासाठी नाही. एका वेळी सगळं मिळून पाच लिटरपेक्षा जास्त काढलं तर धोका वाढतो, म्हणून शहाणा सर्जन त्याच्या आत थांबतो. ‘एका दिवसात पंधरा किलो’ असं कुणी म्हणत असेल तर तिथून उठा. आणि साखर, बीपी? अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ स्थूल बायकांच्या पोटाची चरबी लायपोसक्शननं काढली, थोडीथोडकी नाही, सरासरी नऊ-दहा किलो. नंतर दहा-बारा आठवड्यांनी तपासलं. त्यांच्या शरीराचं इन्सुलिनशी असलेलं नातं सुधारलं नव्हतं, बीपी आणि कोलेस्टेरॉलही होतं तिथंच होतं. म्हणजे मधुमेहावर हा उपाय नाही. चालणं, भाकरी-भाताचं प्रमाण, गोड चहाचे कप, हेच कंटाळवाणे उपाय तिथं लागू पडतात.

म्हणून मी प्रत्येकीला एकच गोष्ट सांगते. या ऑपरेशनला घाई नाही. अपेंडिक्स फुटलं तर रात्रीच्या रात्री न्यावं लागतं, बाळ अडलं तर सिझरला मिनिटं मोजावी लागतात. सुटलेलं पोट आज आहे तसं सहा महिन्यांनीही असेल. त्यामुळे विचारायला, तपासायला, दुसरीकडे दाखवायला तुमच्या हातात भरपूर वेळ आहे. आणि जो कुणी हा वेळ तुमच्याकडून काढून घेऊ बघतो, ‘आज पैसे भरले तर एवढी सूट’ म्हणतो, त्याला घाई कशाची आहे ते तुम्हीच ओळखा.

या वेळात काय बघायचं? आधी स्वतःकडे बघू. अजून मूल हवं असेल तर थांबा, कारण पुढच्या गरोदरपणात सगळं परत ताणलं जातं. वजन वरखाली होत असेल तर ते आधी सहा महिने तरी एका जागी टिकू द्या. हिमोग्लोबिन तपासा. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीतच नोंदलेलं आहे. नऊ-दहा हिमोग्लोबिनवर हौसेचं ऑपरेशन करायचं नसतं. आधी लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, जंताचं औषध. साखर असेल तर ती ताब्यात हवी, नाहीतर जखम भरत नाही.

आणि मिश्री. हो, मिश्रीच. सर्जन विचारतो, ‘सिगारेट ओढता का?’ आणि आपली बाई खरं तेच सांगते, ‘नाही.’ पण सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते, ती तंबाखूच आहे. तंबाखूतल्या निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. टमी टकमध्ये कातडी मोठ्या भागावर उचललेली असते, तिला रक्त कमी पडलं तर कडेची कातडी काळी पडून मरते, जखम उघडते. ऑपरेशनच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस मिश्री, तंबाखू, गुटखा पूर्ण बंद. जमणार नसेल तर ऑपरेशन नको. तसंच माला-एन, माला-डी यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सर्जनला आवर्जून सांगा. त्यानं पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

मग घराकडे बघा. टमी टकनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. हे वाक्य शहरातल्या क्लिनिकमध्ये सहज बोललं जातं. आपल्याकडे त्याचा अर्थ काय? हंडा नाही, कळशी नाही, वैरणीचा भारा नाही, म्हशीची धार काढायला उकिडवं बसणं नाही, दोन वर्षांचं लेकरू कडेवर नाही. पोटाला घट्ट पट्टा चार ते सहा आठवडे, उन्हाळ्यात त्याखाली घाम. पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालायचं, आणि खाली बसायचा संडास असेल तर तेही अवघड. या सहा आठवड्यांत तुमचं काम कोण करणार, त्या माणसाचं नाव घेता आलं पाहिजे. ‘बघू, होईल कसंतरी’ हे उत्तर चालणार नाही. ऊसतोडीला किंवा रोजंदारीला जाणारी असेल तर तेवढी मजुरी बुडणार, तीही खर्चात धरायची.

आता डॉक्टर कसा निवडायचा. एक गंमत सांगते. प्लास्टिक सर्जरी म्हणजे अंगात प्लास्टिक घालतात असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ग्रीक भाषेतला तो शब्द ‘घडवणं, आकार देणं’ या अर्थाचा आहे. आणि या विद्येचं आपल्या मातीशी जुनं नातं आहे. टिपू सुलतानाच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतल्या एका मराठी गाडीवानाचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. लंडनच्या एका मासिकात १७९४ साली ती हकिकत चित्रासह छापून आली, आणि ती वाचून तिकडचे सर्जन ही रीत शिकले. भाजलेल्या बाईचा आखडलेला हात मोकळा करणं, फाटलेला ओठ जोडणं, कर्करोगात काढलेलं स्तन परत घडवणं, हे सगळं प्लास्टिक सर्जनचं काम. पोटाचं ऑपरेशनही त्यांचंच.

हे शिकायला किती वर्षं लागतात? एम.बी.बी.एस.ची साडेपाच, मग जनरल सर्जरीतल्या एम.एस.ची तीन, मग प्लास्टिक सर्जरीतल्या एम.सीएच.ची आणखी तीन. बारावीनंतर साडेअकरा वर्षं झाली. एम.सीएच.ऐवजी प्लास्टिक सर्जरीतली डी.एन.बी. किंवा डॉ.एन.बी. असेल तरी चालते. हे शब्द पाटीवर किंवा कागदावर शोधा, ‘प्लास्टिक सर्जरी’ हे शब्द पदवीच्या पुढे लागलेले हवेत. ‘कॉस्मेटिक सर्जन’, ‘एस्थेटिक तज्ज्ञ’, ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही पाटीवर लिहिलेली ओळख असते. तिच्यामागे दोन-चार महिन्यांचा कोर्स असू शकतो. दाताच्या डॉक्टरनं पोटाला हात लावायचा नाही. पार्लरमध्ये ‘चरबी वितळवायचं इंजेक्शन’ घ्यायचं नाही, ते कितीही ओळखीतलं पार्लर असो.

पदवी खरी की खोटी हे कसं कळणार? प्रत्येक ॲलोपॅथी डॉक्टरला नोंदणी क्रमांक असतो. आपल्या राज्यात तो महाराष्ट्र वैद्यक परिषद देते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या वेबसाइटवर भारतीय वैद्यक नोंदवही आहे, तिथं नाव आणि क्रमांक टाकून बघता येतं. तुमची कॉलेजात जाणारी लेक किंवा गटाची सीआरपी ताई पाच मिनिटांत बघून देईल. पुढच्या शिक्षणाची नोंदही परिषदेकडे करावी लागते, तीही आहे का ते विचारा. क्रमांक विचारल्यावर जो डॉक्टर रागावतो, त्याच्यासमोर बेशुद्ध होऊन झोपायचं का, हे ठरवायला मग फार वेळ लागणार नाही.

जाहिरातींचंही बोलते. डॉक्टरांच्या वर्तनाची २००२ सालची नियमावली आहे. तिच्यात जाहिरात करून रुग्ण ओढणं हे गैरवर्तन मानलं आहे. ‘मैत्रिणीला घेऊन या, दोघींना सूट’ ही साड्यांच्या दुकानाची भाषा झाली. आधीचे-नंतरचे फोटो बघून भुलू नका, ते कुणाचे हे तुम्हाला कळणार नाही.

क्लिनिकमध्ये गेलात की बऱ्याचदा आधी एक गोड बोलणारी मुलगी भेटते, वहीत हप्ते मांडून दाखवते. तिचं ऐका, पण पैसे भरू नका. ज्याच्या हातात सुरी असणार त्याच्याशी बोलणं झालं पाहिजे, तेही ऑपरेशनच्या दिवशी नव्हे, त्याआधी. त्यानं तुमचं पोट उघडून, उभं करून आणि झोपवून तपासलं का? मला कुठलं ऑपरेशन लागेल आणि का, हे सांगितलं का? तुम्ही अशी किती केली, आणि बिघडलं तर काय काय बिघडू शकतं, हेही विचारा. ‘काहीच होत नाही’ असं म्हणणाऱ्यापेक्षा ‘पाणी साठू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित गुठळी फुप्फुसात जाऊन जिवावर बेतू शकतं’ असं स्पष्ट सांगणारा सर्जन माझ्या मते जास्त भरवशाचा. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ ऑपरेशन संपेपर्यंत खोलीत असणार का? रुग्णालयाला नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का? मध्येच प्रकृती बिघडली तर अतिदक्षता विभाग इथंच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? नुसत्या गाळ्यात थाटलेल्या क्लिनिकमध्ये टमी टक होऊ शकत नाही.

दुसरं मत घ्याच. मुंबईत केईएम, सायन, जे.जे., पुण्यात ससून, इथं प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथं केसपेपर काढून विचारता येतं की मला याची गरज आहे का. रांग लागेल, एक दिवस जाईल. जाऊ दे. दुसऱ्या मताचा एवढा आग्रह मी का धरते? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं आठवा. २०१९ साली सरकारनं नेमलेल्या समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. एका डॉक्टरनं ‘कॅन्सर होईल’ म्हटलं, भीती घातली, आणि दुसऱ्या कुणाला विचारायचंच राहून गेलं. तिथं भीती विकली गेली, इथं सुंदर दिसण्याची आशा विकली जाते.

संमतीच्या कागदावर सही करताना तो मराठीत वाचून घ्या, किंवा वाचून दाखवायला सांगा. कुठलं ऑपरेशन, शरीराच्या कुठल्या भागाचं, हे त्यात लिहिलेलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा एक निकाल आपल्या कामाचा आहे. एक ४४ वर्षांची बाई दुर्बिणीनं तपासणी करायला दवाखान्यात गेली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारून डॉक्टरांनी गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालयानं सांगितलं की तपासणीला दिलेली संमती ही ऑपरेशनची संमती होत नाही, आणि शुद्धीवर येणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीनं, जिवाला तातडीचा धोका नसताना, दुसऱ्या कुणी संमती देऊन चालत नाही. म्हणजे आईची नाही, नवऱ्याची नाही, सासूची नाही. तुमच्या अंगाची सही तुमची.

हे वाक्य उलट्या बाजूनंही वाचा. नवरा टोमणे मारतो म्हणून, जाऊ बारीक आहे म्हणून करायचं असेल तर थांबा. टोमणे मारणारा माणूस पोट गेल्यावर दुसरं काहीतरी शोधतो. मी अशा बायका पाहिल्या आहेत. आणि तुम्हाला स्वतःला हवं असेल, सगळं समजून हवं असेल, तर मग कुणाच्या हसण्याला भिऊ नका.

आता पैसे. खासगीत टमी टकचा खर्च लाखाच्या घरात आणि त्याच्या पुढे जातो. महात्मा फुले योजना किंवा आयुष्मान कार्डावर दिसण्यासाठी केलेली ऑपरेशनं बसत नाहीत, खासगी विमाही देत नाही. भाजल्यानंतरचं, अपघातानंतरचं, कर्करोगानंतरचं ऑपरेशन वेगळं, त्याबद्दल नक्की चौकशी करा. क्लिनिकवाले सांगतात त्या रकमेत भूल, पट्टा, औषधं, तपासण्या, परत टाके घालावे लागले तर त्याचा खर्च, हे आहे का ते लिहून घ्या आणि प्रत्येक पावती जपा. पैसे देऊन घेतलेली डॉक्टरची सेवा १९९५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्यात येते. निष्काळजीपणा झाला तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि वैद्यक परिषदेकडेही तक्रार करता येते. तुमचे उपचाराचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळाले पाहिजेत.

अध्यक्षताईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. कर्ज कशासाठी यावर गटानं नाक मुरडू नये. शेळीसाठी, लग्नासाठी, मोबाइलसाठी मागितलं तर जे विचारतो तेच विचारावं. परतफेड कशातून, सहा आठवडे मजुरी बुडाल्यावर हप्ता कसा, वरखर्चाची तयारी आहे का. आणि एक जास्तीची अट मी घातली असती. सोबत दोन डॉक्टरांचा लेखी सल्ला आण. तो आणायला ती जाईल तेव्हा गटातली एक जण तिच्याबरोबर गाडीत बसावी. कोपऱ्यात बसून हसलेल्यांपैकीच एखादी गेली तर फारच छान.

शेवटी, ज्या कुणी ऑपरेशन करून घेतील त्यांच्यासाठी. आपली गावं रुग्णालयापासून लांब आहेत. एसटीनं तीन तास धक्के खात दुसऱ्याच दिवशी घरी येऊ नका, पहिले काही दिवस शहरातच जवळच्या नातेवाइकांकडे राहा. झोपून राहू नका, सर्जन सांगेल तेव्हापासून थोडं थोडं चाला, म्हणजे पायात गुठळी होत नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत कळ आली, भ्रम झाल्यासारखं बोलणं झालं, ताप चढला, जखमेतून वास यायला लागला, कडेची कातडी काळी पडली, पोट भयंकर दुखून उलट्या सुरू झाल्या, तर सकाळ व्हायची वाट बघू नका. अंगारा नको, गावातलं इंजेक्शन नको. सर्जनला फोन लावा, तो उचलत नसेल तर १०८ला लावा. गाडीबरोबर येणाऱ्या डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा की माझं अमुक तारखेला पोटाचं ऑपरेशन झालंय. नवरा किंवा सासू घाबरून काही सांगायचं विसरतील, म्हणून रुग्णालयातून मिळालेला डिस्चार्जचा कागद उशाखाली ठेवा, ट्रंकेत नको.